‘साहेब तेव्हा भानावर नव्हते!’ : व्यसन, आजार किंवा जुनी जखम सांगितली की नेत्याचं गैरवर्तन माफ होतं का?

एडवणहून मुंबईला जायचं म्हणजे आधी सफाळे स्टेशन गाठायचं, मग लोकल पकडायची आणि पुढचे दोन तास मोबाइल बघत काढायचे. जुलै २०२५ मध्ये या दोन तासांत एक व्हिडिओ टाळता येत नव्हता. मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासातलं कँटीन, बनियन आणि टॉवेलवर असलेले बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड आणि त्यांच्या हातचा मार खाणारा कँटीनचा कर्मचारी. डाळ शिळी होती, तिचा वास येत होता, खाल्ल्यावर त्रास झाला, आधी तक्रारी करूनही काही झालं नव्हतं, असं आमदारांचं म्हणणं होतं. केल्याचा पश्चात्ताप नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

व्हिडिओखालच्या कॉमेंट्स तुम्हीही वाचल्या असतील. कुणी लिहिलं, ‘पोट बिघडल्यावर कुणाचंही डोकं फिरेल’. कुणी लिहिलं, ‘आमदार आहे म्हणून वाचला, आपण असतो तर आत असतो’. दोन्ही कॉमेंट्सना भरपूर लाइक्स.

हा वाद नवा नाही. कधी राग, कधी आजार, कधी दारू, कधी मुलावरचं प्रेम, कधी लहानपणी भोगलेलं दुःख. नेत्याच्या हातून काही घडलं की कारण पुढे येतंच आणि आपण दोन गटांत वाटले जातो. म्हणून प्रश्न नीट सोडवून पाहू : अशी कारणं खरी असली, तरी त्यामुळे चूक माफ होते का?

थोडक्यात उत्तर

- कारण समजून घेणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- स्वतःहून केलेली नशा हा भारतीय कायद्यात बचाव नाही. गंभीर मानसिक आजार बचाव ठरू शकतो, पण त्याची कसोटी कडक आहे.
- भोगलेलं दुःख शिक्षा कमी करायला उपयोगी पडू शकतं. गुन्हा मात्र त्यानं पुसला जात नाही.
- पदाचा हिशोब वेगळाच आहे. ‘माझा स्वतःवर ताबा राहत नाही’ हे खरं असेल, तर खुर्ची सोडण्याचं ते सर्वांत मोठं कारण आहे.

महाराष्ट्रानं अलीकडे ऐकलेली कारणं

आपल्याकडे नेते सहसा व्यसनाचं नाव घेत नाहीत. कारण दिलं जातं ते रागाचं, कुटुंबाचं किंवा तब्येतीचं.

पहिलं उदाहरण पालघरच्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यातलं. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, थेट वरिष्ठ पोलिस निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. वाद द्वारली गावातल्या जमिनीचा होता. महेश गायकवाड आणि त्यांचे एक सहकारी जखमी झाले, दोघंही वाचले. अटकेच्या आधी गणपत गायकवाड एका वृत्तवाहिनीशी फोनवर बोलले. आपणच गोळी झाडली, पोलिस ठाण्यात आपल्या मुलाला मारहाण होत होती, आपल्याला पश्चात्ताप नाही, असं त्यांनी सांगितलं. ते दोषी आहेत की नाही हे न्यायालय ठरवेल. पण ‘बापाचं काळीज’ हे कारण त्याच रात्री लोकांपर्यंत पोचलं आणि अनेकांना पटलंही. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत भाजपनं त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना उमेदवारी दिली आणि त्या निवडून आल्या.

दुसरं उदाहरण तब्येतीचं. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यात तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटवर्तीय वाल्मिक कराड यांचं नाव आलं. मुंडे स्वतः त्या खटल्यात आरोपी नाहीत. हत्येचे फोटो बाहेर आल्यावर ४ मार्च २०२५ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ते फोटो पाहून मन व्यथित झालं आणि डॉक्टरांनी उपचाराचा सल्ला दिला आहे, अशी दोन्ही कारणं त्यांनी जाहीर केली. त्याआधी फेब्रुवारीत आपल्याला बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंवर परिणाम करणारा आजार झाल्याचं त्यांनी सांगितलं होतं. इथे आजार खोटा होता असं म्हणण्याचं काहीच कारण नाही. प्रश्न उरतो तो वेगळा : राजीनामा नैतिक जबाबदारीचा की तब्येतीचा? दोन कारणं एकत्र आली की जबाबदारीचा प्रश्न धूसर होतो.

तिसरं उदाहरण आपल्या पालघरचं, आणि ते मुद्दाम घेतोय, कारण त्यात गैरवर्तन अजिबात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पालघरचे तेव्हाचे आमदार श्रीनिवास वनगा यांना उमेदवारी मिळाली नाही. ते कॅमेऱ्यासमोर रडले, मग घरातून निघून गेले. कुटुंब आणि पोलिस शोधत राहिले. दीड दिवसानंतर ते परतले. सोशल मीडियावर त्या रडण्याचीही टर उडवली गेली. इथे माफीचा प्रश्नच येत नाही, कारण त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. माणूस कोसळला होता, एवढंच.

तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की पहिली गोष्ट स्पष्ट होते. नेत्याला त्रास होणं ही चूक नाही. त्या त्रासात दुसऱ्याला इजा झाली, की प्रश्न सुरू होतो.

नशेबद्दल कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. नशेचे नियम मात्र जवळपास तेच राहिले. आधी ते कलम ८५ आणि ८६ मध्ये होते, आता २३ आणि २४ मध्ये आहेत.

कलम २३ सांगतं : कुणी तुम्हाला नकळत किंवा जबरदस्तीनं नशा दिली आणि त्या अवस्थेत आपण काय करतोय हेच तुम्हाला कळत नव्हतं, तर तो गुन्हा ठरत नाही. उदाहरणार्थ, सरबतात कुणी गुपचूप काही मिसळलं.

कलम २४ सांगतं : स्वतःहून प्यायला असाल, तर शुद्धीतल्या माणसाला जे कळलं असतं ते तुम्हालाही कळत होतं, असंच धरलं जाईल.

सर्वोच्च न्यायालयानं १९५६ मध्ये एका प्रकरणात हा नियम लावून दाखवला. एक निवृत्त लष्करी जमादार लग्नाला गेला होता आणि खूप प्यायला होता. त्यानं एका मुलाला जागेवरून सरकायला सांगितलं. मुलगा हलला नाही म्हणून त्यानं त्याच्यावर गोळी झाडली. मुलगा मेला. न्यायालयानं पाहिलं की हा माणूस स्वतःच्या पायांनी चालत होता, बोलत होता. दारू चढली होती हे मान्य केलं, पण हेतूच नव्हता हे मान्य केलं नाही. खुनाची शिक्षा कायम राहिली.

गाडीच्या बाबतीत तर चर्चाच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा. चालक सफाळ्याचा रिक्षावाला असो की ताफ्यातला आमदार, आकडा तोच.

आणि रागाबद्दल?

‘त्या क्षणी डोकं फिरलं’ याला कायद्यात जागा आहे, पण ती अगदी अरुंद आहे. अचानक आणि गंभीर चिथावणी मिळून माणसाचा ताबा सुटला आणि त्याच झटक्यात हत्या झाली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. म्हणजे तिथेही सुटका नाही, फक्त गुन्ह्याची पायरी खाली येते.

मुंबईचा नानावटी खटला याच मुद्द्यावर गाजला. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. लोकांची सहानुभूती नानावटींकडे होती. ज्यूरीनं ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. पण उच्च न्यायालयानं आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप दिली. पत्नीची कबुली ऐकल्यावर त्यांनी कुटुंबाला सिनेमागृहात सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मग आहुजाचं घर गाठलं. मधल्या तीनेक तासांत डोकं शांत व्हायला वेळ मिळाला होता, असं न्यायालयानं म्हटलं.

शिळ्या डाळीच्या रागाला ही सवलत लागूच होत नाही, कारण ती हत्येच्या गुन्ह्यासाठी आहे. पण त्यामागचा विचार सगळीकडे लागू पडतो : राग किती अचानक आला, किती मोठ्या कारणानं आला आणि थांबायला वाव होता का?

मानसिक आजारामुळे कुणी सुटतं का?

हो, सुटतं. आणि ते योग्यही आहे.

न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुनं ८४, सांगतं की मनाच्या आजारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच ज्याला त्या क्षणी कळू शकत नव्हतं, त्याला दोषी धरता येत नाही. महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. एका पोलिस शिपायानं १९९४ मध्ये पत्नीची हत्या केली. दिवसाढवळ्या घडलेली घटना. तो पळाला नाही, काही लपवलं नाही. त्याला आधीपासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचा आजार होता, उपचार सुरू होते आणि त्याच्या नोंदी होत्या. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला या कलमाचा फायदा दिला.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पुरावा. आजार घटनेच्या आधीपासून होता, त्याच्या नोंदी होत्या आणि माणसाचं वागणंही त्याला जुळत होतं. ‘ताण होता’, ‘डिप्रेशन होतं’, ‘झोप झाली नव्हती’ एवढ्यानं हे कलम लागत नाही. डॉक्टरांच्या लेखी आजार असणं आणि कायद्याच्या लेखी भान नसणं यात न्यायालयं कायम फरक करत आली आहेत. ते भान नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारीही आरोपीवरच असते.

पण व्यसन हा आजारच आहे ना?

आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था धरल्या आहेत. अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या कलम ६४अ नुसार, स्वतः सेवन केल्याचा किंवा थोड्या प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेनं मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढूनही घेता येतं.

म्हणजे व्यसन लागलं यासाठी माणसाला शिक्षा नको, उपचार हवेत, हे कायद्यालाही मान्य आहे. पण नशेत दुसऱ्याचं जे नुकसान केलं, त्याला हे संरक्षण नाही.

गंमत म्हणजे व्यसनमुक्तीचं काम करणारेही हेच सांगतात. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे येणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, रुग्ण म्हणून वागवलं जातं. पण बरं होण्याची जबाबदारी त्याचीच असते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या १२ पायऱ्या प्रसिद्ध आहेत. त्यातली आठवी पायरी म्हणजे आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करणं आणि नववी म्हणजे शक्य तिथे त्यांची भरपाई करणं. ‘मी आजारी होतो, विषय संपला’ असं त्यात कुठेही नाही. आपण काय केलं हे कबूल करणं हा उपचाराचाच भाग आहे.

देशाच्या राजकारणात व्यसनावर जाहीरपणे बोललेला नेता म्हणून भगवंत मान यांचं नाव घ्यावं लागेल. खासदार असताना विरोधक त्यांच्यावर दारूवरून सतत टीका करायचे. जानेवारी २०१९ मध्ये पंजाबातल्या बरनाला इथल्या सभेत, आईला मंचावर सोबत घेऊन, त्यांनी १ जानेवारीपासून दारू सोडल्याचं जाहीर केलं. मार्च २०२२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. विरोधकांचे आरोप त्यानंतरही थांबले नाहीत. पण ‘सवय होती आणि सोडतोय’ असं मतदारांना सांगणं ही सबब नव्हे. तो शब्द देणं आहे, आणि दिलेल्या शब्दाचा हिशोब लोक मागू शकतात.

आधी भोगलेल्या अत्याचाराचं काय?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावं लागतं.

फूलन देवी. उत्तर प्रदेशातल्या गरीब मल्लाह कुटुंबात जन्म, लहान वयात लग्न, नंतर टोळीयुद्धात अपहरण आणि सामूहिक बलात्कार. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी बेहमई गावात त्यांच्या टोळीनं २० जणांना मारल्याचा आरोप झाला. १९८३ मध्ये त्यांनी शरणागती पत्करली. ११ वर्षं त्या खटल्याविना तुरुंगात राहिल्या. १९९४ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्यावरचे खटले मागे घेण्याचा निर्णय घेतला आणि त्या बाहेर आल्या. १९९६ मध्ये मिर्झापूरमधून लोकसभेवर निवडून गेल्या, १९९९ मध्ये पुन्हा. २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली.

त्यांच्यावर जे झालं ते भयंकर होतं, यात वाद नाही. ज्या व्यवस्थेनं त्यांना न्याय दिला नाही, तिचीही जबाबदारी मोठी आहे. अनेकांसाठी त्या अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाई आहेत. पण बेहमईत मेलेल्यांचीही घरं होती. मारले गेलेले सगळेच जण फूलन देवींवरच्या अत्याचारात सामील होते, असं कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालं नाही. फूलन देवींचा दोषही कधी सिद्ध झाला नाही, कारण त्यांच्याविरुद्धचा खटला शेवटापर्यंत गेलाच नाही. घटनेला ४३ वर्षं झाल्यावर, फेब्रुवारी २०२४ मध्ये, कनिष्ठ न्यायालयानं जिवंत असलेल्या एका आरोपीला जन्मठेप दिली.

यातून काय घ्यायचं? एक, भोगलेलं दुःख माणूस असा का झाला हे समजावून सांगतं. दोन, न्यायालय शिक्षा ठरवताना ते पाहू शकतं, किंबहुना पाहायला हवं. फाशीच्या प्रकरणांत आरोपीची पार्श्वभूमी आणि मानसिक स्थिती यांची माहिती मागवूनच शिक्षा ठरवावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. तीन, एका पीडिताचं दुःख दुसऱ्या पीडिताच्या न्यायाची किंमत देऊन भरून काढता येत नाही.

आणि चौथं, जे आपण विसरतो. अत्याचार, दारिद्र्य, हिंसा सोसलेली बहुतेक माणसं कुणालाही इजा न करता जगतात. ‘त्यानं खूप सोसलंय म्हणून तो असा वागतो’ असं सहज म्हणताना आपण त्या सगळ्यांकडे संशयानं बघायला लागतो.

बाहेरच्या देशांत काय झालं?

रॉब फोर्ड, टोरांटो. महापौर फोर्ड यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये क्रॅक कोकेन ओढल्याची कबुली दिली आणि ते दारूच्या नशेत झालं असावं असं सांगितलं. माफी मागितली, पद सोडलं नाही. त्यांना हटवण्याची तरतूद नव्हती म्हणून नगर परिषदेनं त्यांचे बहुतेक अधिकार काढून घेतले. उपचारासाठी ते मे २०१४ मध्ये गेले.

पॅट्रिक केनेडी, अमेरिका. मे २००६ मध्ये संसद भवनाजवळ त्यांची गाडी अडथळ्यावर धडकली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी औषधांच्या व्यसनावर उपचार घेत असल्याचं जाहीर केलं, नंतर न्यायालयात गुन्हा कबूल केला. पुढे मानसिक आजार आणि व्यसन यांना विम्यात इतर आजारांसारखीच वागणूक देणाऱ्या २००८ च्या कायद्यासाठी ते झटले.

चार्ल्स केनेडी, ब्रिटन. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या या नेत्यानं जानेवारी २००६ मध्ये दारूच्या समस्येची कबुली दिली आणि दोनच दिवसांत पक्षाचं नेतेपद सोडलं. खासदार म्हणून ते पुढेही राहिले.

अँथनी वीनर, अमेरिका. या माजी खासदारानं अल्पवयीन मुलीला अश्लील संदेश पाठवल्याचा गुन्हा कबूल केला. आपल्याला आजार आहे आणि आपण उपचार घेतोय, असं न्यायालयात सांगितलं. २०१७ मध्ये त्याला २१ महिन्यांची कैद झाली.

फरक लगेच दिसतो. पॅट्रिक केनेडी यांनी आजार सांगितला आणि गुन्हाही मान्य केला. चार्ल्स केनेडी यांनी आजार सांगितला आणि खुर्ची सोडली. फोर्ड यांनी कारण सांगितलं आणि खुर्ची धरून ठेवली. ‘मी आजारी आहे’ हे वाक्य तिघांचंही होतं. त्यानंतर त्यांनी काय केलं, यावर त्या वाक्याची किंमत ठरली.

मग पदाचं काय?

इथे बऱ्याच चर्चांची गल्लत होते. ‘माणूस किती दोषी’ आणि ‘माणूस पदावर राहण्यास लायक आहे का’ हे दोन प्रश्न आपण एकच समजतो. खरं तर ते कधी कधी उलट दिशेनं जातात.

समजा एखादा नेता म्हणाला, ‘रागात माझा ताबा राहत नाही, तो आजार आहे.’ हे खरं असेल तर त्याचा दोष कमी होतो. पण ज्याचा ताबा राहत नाही त्याच्या हातात पोलिस, निधी, बदल्या, परवाने द्यायचे का? आणि ताबा राहत असेल, तर कारणच खोटं. म्हणजे ही सबब जितकी खरी, तितकी ती खुर्चीच्या विरोधात जाते.

आपल्याकडे साध्या माणसाला हाच नियम लावतो. तारापूर एमआयडीसीतला कामगार पिऊन ड्युटीवर आला तर त्याला बॉयलरजवळ जाऊ देत नाहीत. समुद्रात बोट नेणारा तांडेल नशेत असेल तर खलाशी त्याच्यासोबत निघणार नाहीत. त्यानं आयुष्यात काय सोसलं हे कुणी विचारत नाही, कारण सोबत इतरांचा जीव असतो. आमदाराच्या सहीवर त्याहून जास्त लोकांचं आयुष्य अवलंबून असतं.

नेत्याला पदावरून दूर करण्याचे नियम असे आहेत :

- शिक्षा झाली तर : २ किंवा अधिक वर्षांची कैद झाली की आमदार-खासदार अपात्र ठरतो, आणि सुटकेनंतर आणखी ६ वर्षं. जुलै २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही अपात्रता लगेच लागू होते. अमली पदार्थविरोधी कायद्याखाली दोषी ठरल्यास नुसत्या दंडाच्या शिक्षेवरही अपात्रता येते.
- मानसिक आजार असेल तर : राज्यघटनेच्या कलम १९१ नुसार सक्षम न्यायालयानं मनोविकल घोषित केलं तरच आमदार अपात्र ठरतो. डिप्रेशनची गोळी घेतो म्हणून कुणाला हटवता येत नाही, आणि येऊही नये.
- सभागृहात गैरवर्तन केलं तर : निलंबन होऊ शकतं. मार्च २०१३ मध्ये विधानभवनात पोलिस अधिकाऱ्याला मारहाण केल्याच्या आरोपावरून ५ आमदार निलंबित झाले. त्यात आपल्याकडच्या नालासोपाऱ्याचे क्षितिज ठाकूरही होते. पण याला मर्यादा आहे. जुलै २०२१ मध्ये भाजपच्या १२ आमदारांचं वर्षभरासाठी केलेलं निलंबन सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये रद्द केलं. अधिवेशनाच्या पुढे निलंबन नेता येत नाही, असं त्यात सांगितलं.
- गावात : गैरवर्तन, लज्जास्पद वर्तन किंवा कामातली हयगय यासाठी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली चौकशी होऊन सरपंचाला काढता येतं.

आमदाराला मध्येच परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला नाही. म्हणून खटला रेंगाळला की निर्णय पक्षावर आणि पुढच्या मतदानावर येतो. तिथेच ‘बिचारा’ हा शब्द सर्वांत जास्त कामाला येतो.

पुढच्या वेळी कारण ऐकाल तेव्हा हे ५ प्रश्न विचारा

१. कारण आधीपासून माहीत होतं की पकडल्यानंतर आठवलं?

२. आजाराचा आणि घडलेल्या गोष्टीचा खरंच संबंध आहे का? दारूच्या नशेत शिवी जाते. दारूच्या नशेत वर्षभर खोटी बिलं निघत नाहीत.

३. राग फक्त दुबळ्यांवरच निघतो का? कँटीनच्या पोरावर ताबा सुटतो आणि पक्षश्रेष्ठींसमोर सुटत नाही, तर तो आजार नाही.

४. माफी कुणाची मागितली? कार्यकर्त्यांची, मतदारांची की ज्याला मारलं त्याची?

५. पुढे काय केलं? उपचार, भरपाई, पद सोडणं, चौकशीला सामोरं जाणं, यातलं काही घडलं का?

पाचपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बाकीच्यांची उत्तरं आपल्याला बाहेरून नेहमी कळतीलच असं नाही. शेवटचं उत्तर मात्र सगळ्यांना दिसतं.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी

नेत्याच्या चुकीवर बोलताना आजारावर हसू नका. ‘बेवडा’, ‘मेंटल’ असे शब्द आपण नेत्यासाठी लिहितो, पण वाचतो तो घरात बसलेला कुणीतरी, ज्याला उद्या डॉक्टरकडे जायचं होतं. नेता ते वाचणारही नाही. तो वाचेल आणि जाणार नाही. आपल्या किनारपट्टीवरच्या कितीतरी घरांत दारूमुळे काय होतं हे वेगळं सांगायला नको. तिथल्या बाईला मारणारा नवराही सकाळी हेच म्हणतो : ‘तेव्हा शुद्ध नव्हती.’ नेत्याचं हे कारण आपण मान्य केलं, तर त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगणार की तुझ्या नवऱ्याचं मान्य करू नकोस?

मदत हवी असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मानसिक त्रासासाठी आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी आहे. दोन्ही सरकारी आणि मोफत आहेत. नेत्यांसाठीही.